४६ व्या वर्षी बँक सोडून नवे शिक्षण घ्यावे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असल्यास तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही ४६ वर्षांचे आहात, २१ वर्षे बँकेत काढली आहेत आणि त्यातील शेवटची सहा वर्षे नाशिकमधील एका खासगी बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक आहात. गेल्या दीड वर्षापासून रविवारची दुपार कलली की छातीत धडधड सुरू होते, सकाळी शाखेसमोर गाडी लावल्यावर पाच-दहा मिनिटे तुम्ही आतच बसून राहता, समोरच्या ग्राहकाचे बोलणे कानावर पडते पण आत उतरत नाही, आणि एके काळी तोंडपाठ असणारे आकडे आता आठवत नाहीत. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू करून ‘ताण कमी करा’ असे सांगितले आहे. पत्नी शिक्षिका आहेत, मुलगी अकरावीत आहे, घरकर्जाची नऊ वर्षे शिल्लक आहेत. राजीनामा देऊन एलएलबी करावे, समुपदेशनाचा अभ्यासक्रम करावा, की त्र्यंबकेश्वरच्या बाजूला थोडी जमीन घेऊन शेती करावी, अशा तीन वाटा तुम्हाला दिसत आहेत, आणि ‘या वयात उशीर तर झाला नाही ना’ असे तुम्ही विचारले आहे.

उशीर झालेला नाही. मात्र ज्या अवस्थेत तुम्ही हे लिहिले आहे त्या अवस्थेत राजीनाम्यावरही सही करू नये आणि प्रवेश अर्जावरही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गेली १३ वर्षे मी नोकरदार माणसांबरोबर समुपदेशनाचे काम करते आहे आणि त्याआधीची १७ वर्षे एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात होते. ज्यांनी थकव्याच्या तळाशी असताना धंदा बदलला आणि ज्यांनी आधी सावरून मग बदलला, अशी दोन्ही प्रकारची माणसे मी जवळून पाहिली आहेत. पहिल्या प्रकारातल्या अनेकांना दोन-तीन वर्षांनी तोच दाह नव्या जागी पुन्हा भेटला, कारण आपण नेमके कशाने भाजलो हे त्यांनी शोधलेच नव्हते.

एक प्रसंग सांगते. पिंपरीच्या एका कारखान्यातील उत्पादन विभागाचे अधिकारी माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या बॅगेत टाइप केलेला राजीनामा होता आणि एका महागड्या डेटा सायन्स अभ्यासक्रमाचा अर्ज होता. त्याच आठवड्यात फी भरायची होती. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितले की, आदल्या दिवशी पत्नीने भाजी आणायला सांगितली होती, मंडईत मेथीही होती आणि पालकही होता, आणि कोणती जुडी घ्यावी हेच त्यांना ठरवता येईना. भाजीवाल्या मावशींनी दोनदा विचारले, मागे गिऱ्हाईक ताटकळले, आणि हे रिकामी पिशवी घेऊन घरी परत आले. रोज शेकडो माणसांच्या पाळ्या लावणारा हा माणूस होता. मी त्यांना एवढेच म्हटले की, ज्या मनाला आज मेथी की पालक हे ठरवता येत नाही, त्या मनावर पुढच्या २० वर्षांचा निर्णय लादू नका. त्याला आधी बरे होऊ द्या. त्यांनी राजीनामा बॅगेतच ठेवला आणि सात आठवड्यांची रजा घेतली. त्या रजेच्या शेवटी त्यांना डेटा सायन्सचे आकर्षण उरलेले नव्हते. तो अभ्यासक्रम त्यांनी निवडला होता तो घरी एकट्याने, कोणाशी न बोलता करता येईल म्हणून, आणि विश्रांतीनंतर त्यांना माणसांचा तिटकारा राहिला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटचा समावेश केला, पण आजार म्हणून नव्हे. कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिची तीन लक्षणे त्यात दिली आहेत: शक्ती आटून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. तिन्ही तुमच्या लिहिण्यात दिसतात. तरीही एक खातरजमा आधी व्हायला हवी, आणि ती समुपदेशकाने करायची नसून डॉक्टरांनी करायची आहे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब१२ व ड जीवनसत्त्व, रक्तातील साखर या तपासण्या करून घ्या. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि आठ तास झोपूनही सकाळी गळून गेल्यासारखे वाटत असेल, तर झोपेत श्वास अडकतो का हेही पाहून घ्या. नैराश्य आणि बर्नआउट वरवर सारखे दिसतात, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत. कामाचा विषय निघाला की जीव विटतो, पण मुलीबरोबर कॅरम खेळताना किंवा मित्रांबरोबर मिसळ खाताना बरे वाटते, असे असेल तर गोष्ट कामापाशी आहे. मुलगी, मित्र, गाणे, जेवण सगळेच बेचव झाले असेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता तुम्हीच लिहिलेल्या एका गोष्टीकडे वळते. गेल्या वर्षी बँकेने तुम्हाला सक्तीच्या रजेवर पाठवले होते, असे तुम्ही ओघात नमूद केले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान १० कामकाजाचे दिवस रजेवर पाठवावे लागते आणि त्या काळात त्यांना बँकेच्या यंत्रणेत शिरता येत नाही. हा नियम गैरव्यवहार उघडकीस यावेत म्हणून आहे, पण माझ्या दृष्टीने त्या रजेने तुमची आयतीच परीक्षा घेतली आहे. नवव्या दिवशी तुम्हाला कसे वाटत होते ते आठवून पाहा. पहिले तीन-चार दिवस झोपेत गेले, मग हळूहळू हलके वाटू लागले आणि शेवटच्या संध्याकाळी पुन्हा धडधड सुरू झाली, असे घडले असेल तर तुमच्यात बरे होण्याची शक्ती शाबूत आहे आणि बाधा कामाच्या जागी आहे. दहा दिवसांत काहीच फरक पडला नसेल, तर थकवा जुना आणि खोल आहे आणि सावरण्यास काही महिने लागतील असे धरून चाला.

त्यानंतरचा प्रश्न असा की, कामातील नेमके काय तुम्हाला जाळते आहे. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर या दोन मानसशास्त्रज्ञांनी बर्नआउटच्या अभ्यासातून कामाच्या सहा अंगांची मांडणी केली आहे: कामाचा भार, कामावरचा आपला ताबा, मिळणारा मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक, आणि आपली मूल्ये. माणूस आणि काम यांचे यांपैकी जिथे जुळत नाही, तिथे घर्षण होते. बहुतेक जण पहिल्या अंगापाशीच थांबतात. काम फार आहे, म्हणून थकलो. तुमच्या बाबतीत मला तसे वाटत नाही, कारण पहिली १५ वर्षेही काम फारच होते. मार्च एंडला रात्री अकरापर्यंत थांबून वह्या जुळवल्याच्या आठवणी तुम्ही अभिमानाने लिहिल्या आहेत.

तुमच्या सबंध लिहिण्यात मला एकच परिच्छेद धगधगता वाटला. निवृत्तिवेतन घ्यायला येणाऱ्या त्या ७१ वर्षांच्या आजी, ज्या मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला आल्या होत्या आणि ज्यांना तिमाहीच्या अखेरीस तुम्ही दरवर्षी हप्ता भरावा लागणारी विमा पॉलिसी दिली. पुढच्या वर्षी हप्त्याची सूचना आल्यावर त्या शाखेत आल्या, भांडल्या नाहीत, फक्त ‘साहेब, मला हे नीट समजलं नव्हतं’ एवढेच म्हणाल्या. तेव्हापासून त्या दारात दिसल्या की तुम्ही केबिनमधून उठून मागच्या बाजूला जाता. रोज संध्याकाळच्या कॉन्कॉलवर (एकत्रित फोनवर) आकडे विचारले जातात, कासा (चालू व बचत खात्यांतील ठेवी) किती, क्रॉस-सेल (जुन्या ग्राहकाला विकलेली इतर उत्पादने) किती, विमा किती, आणि ज्याचा आकडा कमी त्याला सगळ्यांसमोर बोलावे लागते, हेही तुम्ही लिहिले आहे. म्हणजे ताबा, कदर आणि न्याय या अंगांनाही तडे गेले आहेत. पण आजींचा प्रसंग मूल्यांचा आहे, आणि मूल्यांच्या जागी झालेली जखम झोपेने किंवा महाबळेश्वरच्या सहलीने भरत नाही. तुमचा बँकिंगवरचा विश्वास उडालेला नाही. ज्या माणसाने विश्वास ठेवला त्यालाच विकावे लागणे तुम्हाला सोसवत नाही. हा तुमचा दोष नाही. तुमच्यातला सर्वांत चांगला भाग अजून जागा आहे, याची ती खूण आहे.

मी हे एवढ्या विस्ताराने लिहिते आहे, कारण यावर तिन्ही वाटांचे मूल्यमापन अवलंबून आहे. मूल्यांमुळे भाजलेला माणूस अशा जागी गेला की जिथे पुन्हा नफ्यासाठी कुणाला फसवावे लागते, तर नव्या पदवीचा त्याला काही उपयोग होत नाही. उलट, भाराने मोडलेल्या माणसाला धंदा बदलण्याची गरजच नसते. बदली, पद उतरवून घेणे किंवा अधिक सुसह्य संस्था एवढ्यावर तो सावरतो. माझे निदान चुकीचेही असू शकेल, म्हणून तुम्ही स्वतः तीन आठवडे एक वही ठेवावी. रोज रात्री दहा ओळी पुरेत: आज कोणत्या कामानंतर अंगात बळ आल्यासारखे वाटले, कोणत्या कामानंतर गेल्यासारखे वाटले, आणि त्या वेळी समोर कोण होते. भाव-भावना लिहू नका, कामाचे नाव लिहा. ‘सकाळ वाईट गेली’ याचा काही उपयोग नाही. ‘कर्जदाराला पुनर्रचना समजावून सांगितली, अर्धा तास, बरे वाटले’ याचा आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुख्याध्यापिकेला शिकवण्याचा कंटाळा आला आहे अशी खात्री होती. वहीत निघाले की गेल्या दोन वर्षांत त्यांनी वर्गावर तासच घेतला नव्हता, सगळा दिवस अहवाल आणि पोर्टलवर माहिती भरण्यात जात होता.

आता तुमच्या तीन वाटा.

शेतीचे आधी सांगते, कारण ते लवकर आटोपते. तुमच्या नावावर किंवा वडिलांच्या नावावर सातबारा नाही, असे तुम्ही लिहिले आहे. महाराष्ट्रात कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘दाखला करून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतील; बँकेत २१ वर्षे कागद तपासलेल्या माणसाला त्यांच्याविषयी मी वेगळे सांगायला नको. त्यापलीकडचे माझे मत असे की, तुम्हाला शेती नको आहे, शांतता हवी आहे. त्र्यंबकच्या बाजूला महिन्यातून दोन रविवार एखाद्या मित्राच्या शेतावर जा, तेवढ्याने ती मिळेल.

समुपदेशनाची वाट मी स्वतः चाललेली आहे, त्यामुळे तिच्याविषयी जबाबदारीने लिहिले पाहिजे. मी ४१ व्या वर्षी नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम. ए. केले. ती सोय आता राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्य व संलग्न क्षेत्रातील अभ्यासक्रम, आणि त्यांत मानसशास्त्रही, दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली आहे. याचा अर्थ आता दोन वर्षे प्रत्यक्ष वर्गात बसावे लागेल, आणि मनोरुग्णांवर उपचार करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर त्यापुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. तीन महिन्यांत शनिवार-रविवारी ‘प्रमाणित समुपदेशक’ करून देणाऱ्या जाहिराती तुमच्या फोनवर येत असतील. त्यांच्यावर पैसे घालू नका. अशा प्रमाणपत्राच्या जोरावर दुसऱ्याच्या दुखण्यात हात घालणे धोक्याचे आहे.

या वाटेबद्दल आणखी एक गोष्ट मला काळजीने सांगायची आहे. बर्नआउटमधून जाणाऱ्या अनेक संवेदनशील माणसांना समुपदेशक व्हावेसे वाटते, कारण त्या काळात कुणीतरी शांतपणे ऐकून घेणे ही त्यांची स्वतःची गरज असते. ती गरज भागली की त्यांतल्या कित्येकांची ओढ आपोआप ओसरते. म्हणून आधी सहा महिने स्वतः एखाद्या समुपदेशकाकडे जा. त्यानंतरही दिवसाला पाच माणसांचे दुःख ऐकावे, संध्याकाळी त्याची टिपणे लिहावीत आणि स्वतःच्या कामावर वरिष्ठ तज्ज्ञाचे मार्गदर्शन घेत राहावे असे वाटले, तर ही ओढ खरी आहे असे समजा.

राहिली वकिली, आणि तिन्हींत मला हीच वाट तुमच्या जवळची वाटते. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी (प्रवेश परीक्षा) देण्यास कमाल वयाची अट नाही. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ४५ टक्के गुण लागतात. मात्र कायद्याची पदवी पत्राद्वारे किंवा दूरस्थ पद्धतीने घेऊन वकिली करता येत नाही, वर्गातील उपस्थिती आवश्यक असते, आणि २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने विद्यार्थ्यांनी नोकरीची माहिती जाहीर करावी व उपस्थितीची यांत्रिक नोंद व्हावी असे निर्देश महाविद्यालयांना दिले आहेत. ‘नोकरी चालू ठेवून नावाला प्रवेश घेऊ’ हा सल्ला तुम्हाला कुणी देत असेल, तर तो ऐकू नये. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे सनद (वकिलीचा परवाना) घ्यायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हायचे. सनद घेतल्यावर पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, हेही हिशेबात धरा. म्हणजे तीन वर्षे शिक्षणाची आणि त्यानंतर किमान दोन-तीन वर्षे ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली अगदी तुटपुंज्या उत्पन्नाची, अशी सहा वर्षे धरून चालावे लागेल. तेव्हा तुम्ही ५२-५३ वर्षांचे असाल.

ही सहा वर्षे तरुण मुलासाठी आणि तुमच्यासाठी सारखी नाहीत, आणि हे तुमच्या बाजूचे आहे. धनादेश न वटल्याचे कलम १३८, थकीत कर्जाच्या वसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा, तारण, गहाणखत, जामीनदाराची जबाबदारी या गोष्टी बावीस वर्षांचा विद्यार्थी पुस्तकातून शिकतो. तुम्ही त्या शाखेत हाताळल्या आहेत. कर्जवसुली न्यायाधिकरणात, ग्राहक आयोगात किंवा बँकेविरुद्ध तक्रार घेऊन उभ्या असलेल्या सामान्य खातेदाराच्या बाजूने, बँकेचा कागद आतून ओळखणारा वकील दुर्मीळ असतो. त्या आजींसारख्या माणसांच्या बाजूला बसण्याची ही जागा आहे, आणि तुमची जखम ज्या ठिकाणी आहे तिथूनच हे काम सुरू होते, म्हणून मी या वाटेला महत्त्व देते.

तरीही फी भरण्यापूर्वी त्या धंद्याचा एक सामान्य दिवस पाहा. माणसे विषयावर भाळून अभ्यासक्रम निवडतात आणि पुढे जगावा लागतो तो दिवस. न्यायालयाचे कामकाज सहसा सर्वांसाठी खुले असते. रजेतील पाच दिवस नाशिकच्या जिल्हा न्यायालयात सकाळी साडेदहाला जाऊन बसा. बोर्डावर कितवा नंबर आहे ते पाहण्यासाठी चाललेली धावपळ, पुकारा होताच आत जाणारे वकील, दोन मिनिटांत मिळालेली पुढची तारीख, बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले पक्षकार, झेरॉक्सच्या दुकानासमोरची रांग, हे पाचही दिवस पाहिल्यावर सहाव्या दिवशी पुन्हा जावेसे वाटते का, एवढेच स्वतःला विचारा. त्यानंतर ओळखीच्या एखाद्या वकिलांना विनंती करून चार-सहा शनिवार त्यांच्या कार्यालयात फाइली वाचायला बसा. या खटाटोपाला खर्च जवळजवळ नाही, आणि तो चुकीच्या प्रवेशापासून तुम्हाला वाचवेल.

तुम्ही न लिहिलेली एक चौथी वाटही आहे. धंदा तोच ठेवून जागा बदलणे. सहकारी बँका आणि पतसंस्थांना अनुभवी, कायदा पाळणारी माणसे हवी असतात. बँकेच्या आतही विक्रीच्या टेबलावरून लेखापरीक्षण, अनुपालन (नियम पाळले जातात का हे पाहणे) किंवा प्रशिक्षण विभागात बदली मागता येते. पगार कमी होईल, पद लहान होईल. पण माझ्या अनुभवात अशा बाजूच्या बदलाने बरी झालेली माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, कारण त्यात सांगण्यासारखी नाट्यमय गोष्ट नसते. सरकारी नोकरीचा विचार मात्र सोडून द्या. राज्यसेवेसारख्या परीक्षांना खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण वयोमर्यादा ३८ आहे.

पैशाचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल, पण थकलेला बँकर स्वतःच्या घरच्या हिशेबात काही गोष्टी विसरतो, असे मी पाहिले आहे. घरकर्ज कर्मचारी सवलतीच्या दराने घेतलेले असेल तर राजीनाम्यानंतर अनेक बँका ते बाजारदरावर नेतात. हप्ता किती वाढेल ते आजच काढून ठेवा. कुटुंबाचा आरोग्य विमा बँकेच्या सामूहिक पॉलिसीवर असेल तर नोकरी संपताच ते छत्र जाते, आणि तुम्हाला आता रक्तदाबाचे निदान झाले आहे. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे, पण तीन वर्षेही थोडी नव्हेत. म्हणून राजीनाम्याच्या आधीच वैयक्तिक पॉलिसी घ्या किंवा सामूहिक पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का ते विचारा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे सदस्य असाल तर दहा वर्षांहून अधिक सेवा झाल्याने तुमचे निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षापासून पक्के आहे. ५० नंतर ते आधीही घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कपात होते, तेव्हा त्याला हात न लावलेला बरा. भविष्य निर्वाह निधी फोडून फी भरू नका. आणि निर्णयाच्या आधी चार महिने घरखर्च पूर्णपणे पत्नींच्या पगारात आणि ठरवलेल्या एका लहान रकमेत भागवून पाहा. तुमचा उरलेला पगार वेगळ्या खात्यात पडू द्या. कागदावर जमणारे अंदाजपत्रक दिवाळी, लग्नसराई आणि क्लासची फी यांतून गेल्याशिवाय खरे ठरत नाही.

घरच्यांशी बोलण्याबाबत. तुम्ही लिहिले आहे की पत्नींना ‘थोडा ताण आहे’ एवढेच माहीत आहे. त्यांना गाडीतल्या त्या दहा मिनिटांविषयी सांगा, आजींविषयी सांगा. निर्णय झाल्यावर कळवण्यापेक्षा निर्णय घेताना बरोबर घ्या, कारण पुढची सहा वर्षे घराचा भार प्रामुख्याने त्यांच्या पगारावर असणार आहे आणि त्यांना नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. मुलीलाही कळू द्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना घरातला ताण न सांगता समजतो आणि कारण माहीत नसले की ती स्वतःला दोष देतात. तिच्या बारावीच्या वर्षात तुमचा राजीनामा येऊ नये, असे मात्र मला वाटते. आणखी एक दुःख या बदलात असते, ज्याची तयारी फार कमी जण करतात. २१ वर्षे शाखेत, सोसायटीत, लग्नकार्यात लोकांनी तुम्हाला ‘साहेब’ म्हटले आहे. कुणी ‘सध्या कुठे?’ असे विचारले की आता ‘शिकतो आहे’ हे उत्तर द्यावे लागेल. पहिल्या वेळी घशात आवंढा येईल, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. मला ते उत्तर न अडखळता देण्यास वर्ष लागले.

या वयात अभ्यास झेपेल का, या शंकेला माझ्या अनुभवातून उत्तर देते. स्मरणशक्तीने मला दगा दिला नाही. समजून घेतलेले अधिक पक्के बसत होते. त्रास झाला तो हाताचा. कित्येक वर्षे कीबोर्ड वापरल्यावर तीन तास पेनाने लिहिण्याची सवय मोडली होती, आणि पहिल्या पेपरला दीड तासानंतर माझी बोटे वळली. पुढच्या परीक्षेआधी तीन महिने मी रोज पहाटे अर्धा तास हाताने लिहीत असे. तुम्हीही ती वही पेनानेच लिहा.

आता येत्या पंधरा दिवसांपुरते. डॉक्टरांकडून तपासण्या आणि रजेची शिफारस घ्या, बँकेच्या नियमांत बसणारी आजारपणाची किंवा साठलेली हक्काची रजा सलग किमान सहा आठवडे मागा, आणि रजेच्या पहिल्या दोन आठवड्यांत झोप, चालणे व घरचे जेवण यांपलीकडे काहीही ठरवू नका. त्या काळात सीईटीची पुस्तकेही आणू नका. वही तिसऱ्या आठवड्यात उघडा, कारण रजेतल्या दिवसांनाही बळ देणारी आणि घेणारी कामे असतात, आणि कामावर परतल्यावर तिचे उरलेले आठवडे पूर्ण करा. एखाद्या सकाळी कुणी न सांगता एखाद्या गोष्टीविषयी कुतूहल वाटले, वर्तमानपत्रातली एखादी बातमी शेवटपर्यंत वाचावीशी वाटली, की तारीख लिहून ठेवा. न्यायालयातले पाच दिवस त्या तारखेनंतरचे असू द्यात.

त्यानंतर मला तीन गोष्टी कळवा: सक्तीच्या रजेतील नवव्या दिवसाची तुमची आठवण, वहीत सर्वांत जास्त वेळा आलेले बळ देणारे काम, आणि पत्नींनी सगळे ऐकून काय म्हटले ते. सीईटीचा अर्ज भरायचा की बदलीचा, हे आपण त्यावरून ठरवू.